वाचकांचे प्रश्न : फुलपाखरू, पाऊस आणि पंचांग

प्रश्न : सर, केऑस थिअरीच्या व्हिडिओत बघितलं की फुलपाखरानं पंख हलवले तरी कुठंतरी वादळ येतं. इतकं सगळं बेभरवशाचं असंल तर हवामान खातं एप्रिलातच चार महिन्यांच्या पावसाचा अंदाज कशाच्या जोरावर देतं? आमच्याकडं तर उद्याचा सांगितलेला पण येत नाही.
– एक शेतकरी वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : आधी त्या फुलपाखराला सोडवू, बिचाऱ्यावर उगाच आळ आलाय. चक्रीवादळाची ताकद गरम समुद्रातून येते, पंखातून नाही. झालं असं की १९६१ मध्ये अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ कॉम्प्युटरवर हवामानाचं एक छोटं मॉडेल चालवत होते, त्यातला एक भाग परत बघायचा म्हणून त्यांनी जुन्या प्रिंटवरचा ०.५०६ हा आकडा टाकला. मशीनमधला खरा आकडा होता ०.५०६१२७, पण प्रिंटवर तीनच दशांश यायचे. कॉफी पिऊन येऊन बघतात तर नवं हवामान जुन्याला ओळखच देईना! फुलपाखरू बरंच नंतरचं, १९७२ च्या एका व्याख्यानाच्या शीर्षकातलं, आणि तेसुद्धा दुसऱ्यानं सुचवलेलं.

पटत नसेल तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. ०.३ घ्या, त्याला (१ वजा ०.३) नं गुणा, मग ४ नं गुणा, आलं ०.८४. आता ०.८४ ला हेच करा, असं दहा वेळा. मग सगळं पुन्हा ०.३०१ पासून. पहिल्या दोनचार वेळा दोन्ही उत्तरं अगदी चिकटून चालतात, दहाव्या वेळी एक येतं ०.०४ च्या आसपास आणि दुसरं ०.६२! नियम एकच, नशीब कुठंच नाही, तरी ही गत. सुरुवातीचा बारीकसा फरक असा फुगत जातो, यालाच केऑस म्हणतात. किड्यांची संख्या दरवर्षी कशी वरखाली होते याचं असलंच साधं गणित रॉबर्ट मे या शास्त्रज्ञानं १९७६ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं होतं.

हवेचंही हेच. आत्ताची हवा कुणालाच शंभर टक्के मोजता येत नाही, म्हणून चारपाच दिवसांचा अंदाज बरा निघतो आणि दोन आठवड्यांच्या पुढं रोजचं सांगणं जवळपास संपतं. म्हणून आता एकच मॉडेल सुरुवात जराजरा बदलून अनेकदा चालवतात, आपल्याकडं २०१८ पासून अशा २१ आवृत्त्या चालवायला लागले, आणि त्यातल्या किती पाऊस दाखवतात त्यावरून शक्यता सांगतात.

एप्रिलचा अंदाज ही वेगळीच भानगड आहे. तो देशभराच्या एकूण पावसाचा असतो (सरासरी ८७ सेंमी), आणि तो बांधतात प्रशांत महासागराचं पाणी किती तापलंय, एल निनो (म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं) आहे का, अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर. त्यात गंगाखेडचा १५ जून नसतोच. २०१६ आठवा, एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणि सप्टेंबर सरता सरता तिथंच अतिवृष्टी. तेव्हा 'यंदा सरासरीपेक्षा जास्त' हे ऐकून धूळपेरणी करू नका, ७५ ते १०० मिमी पाऊस जमिनीत मुरू द्या, मग तिफण काढा.

प्रश्न : ग्रीक पुराणात सुरुवातीला केऑस होता म्हणतात आणि आपल्या नासदीय सूक्तात पण तेच आहे. म्हणजे ऋषींना केऑस थिअरी माहीत होती का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नाही हो. मोह होतो, मान्य, पण नाही. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात सगळ्यात आधी केऑस होतो, मग पृथ्वी, पण तो केऑस म्हणजे आ वासलेली पोकळी, गडबड-गोंधळ नाही. सगळं एकात एक कालवलेला गोळा, हे चित्र पुढं रोमन कवी ओव्हिडनं रंगवलं. बॅबिलोनच्या कथेत तर मार्दुक देव तिआमत या समुद्रदेवीला चिरून आकाश आणि पृथ्वी करतो. आपलं नासदीय सूक्त, म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९ वं सूक्त, म्हणतं 'तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे', अंधारानं झाकलेला अंधार, आणि शेवटी कवी सरळ विचारतो की वर जो बघणारा आहे त्याला तरी हे ठाऊक असेल की नसेल. मला ही शंकाच त्या सूक्तातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. या सगळ्यात नियम अजून जन्मायचेत, आणि लोरेन्झच्या केऑसमध्ये नियम पूर्ण हजर असून पुढचं दिसत नाही. दोन्हीला एका दावणीला बांधलं की दोन्हीवर अन्याय होतो.

प्रश्न : मग पंचांगातलं ग्रहण मिनिटाला बरोबर कसं येतं?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : मस्त प्रश्न! एकमेकांना ओढणाऱ्या तीन गोलांची गणितं किती अवघड जातात हे फ्रेंच गणितज्ञ आन्री प्वाँकारे यांनी १८९० मध्येच दाखवलंय, आणि ग्रहमालेत केऑस आहेच, फक्त तिथं चूक मोठी व्हायला लाखो वर्षं लागतात, आपलं पंचांग एका वर्षाचं. पण शनीचा हायपेरिअन नावाचा वेडावाकडा चंद्र बघ, तो शनीभोवती वेळेवर फिरतो पण स्वतःभोवती असा गडगडत लोळतो की काही महिन्यांनी त्याचं तोंड कुठं असेल हे सांगता येत नाही. तिथलं सूर्योदयाचं पंचांग काढायला कुणी बसू नये.