संथ जोडणी आणि लांबणारे लॉगऑन

प्रश्न : मुख्य सर्व्हरशी जोडणी संथ असल्याने आमच्या शाखेत विंडोजचे लॉगऑन फार रेंगाळते. उपाय सुचवावा.

उत्तर : दोष बहुधा रोमिंग प्रोफाइलचा (सर्व्हरवर ठेवलेल्या, कोणत्याही संगणकावर सोबत येणाऱ्या वापरकर्त्याच्या फायली व सेटिंग्जचा) असावा, कारण त्यात लॉगऑनच्या वेळी बदललेल्या फायली सर्व्हरवरून उतरवल्या जातात आणि लॉगऑफच्या वेळी परत चढवल्या जातात. डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स ही फोल्डरे फोल्डर रिडायरेक्शनने (फोल्डरची जागा सर्व्हरवर वळवण्याच्या सोयीने) प्रोफाइलबाहेर काढून ऑफलाइन फाइल्सची (सर्व्हरवरील फायलींची प्रत संगणकावर ठेवणाऱ्या सोयीची) जोड दिल्यास हा भार पुष्कळ हलका होतो. (डेस्कटॉपवर व्हिडिओ साठवण्याची सवय मात्र माणसानेच सोडावी लागते.) ग्रुप पॉलिसी (अनेक संगणकांना एकाच ठिकाणाहून धोरणे लावणारी विंडोजची सोय) सेकंदाला ५०० किलोबिटपेक्षा कमी वेगाची जोडणी संथ मानून सॉफ्टवेअर बसवण्यासारखी कामे टाळते; तरीही लॉगऑनपूर्वी नेटवर्कची नेहमी वाट पाहण्याचे धोरण चालू असल्यास, गरज तपासून ते बंद करावे.