फेडरल कोर्ट : केंद्रीय की संघीय?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या बातम्या मराठीत येतात तेव्हा 'फेडरल कोर्ट'ला कुठे 'केंद्रीय न्यायालय' म्हणतात, कुठे 'संघीय', तर कुठे 'संघराज्य न्यायालय'. यांतलं बरोबर कोणतं? आणि 'ज्युडिशियल ब्रँच'ला 'न्यायिक शाखा' म्हटलं तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकतो. 'न्यायिक शाखा' नको. मराठीत शाखा म्हटली की तिच्या डोक्यावर मुख्यालय आलंच : बँकेची शाखा, पक्षाची शाखा. अमेरिकेच्या राज्यघटनेत काँग्रेस (म्हणजे तिथली संसद), अध्यक्ष आणि न्यायालयं यांतलं कुणी कुणाच्या हाताखाली नाही. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ हे नागरिकशास्त्रातले शब्द आपल्याकडे तयार आहेत, तेच वापरावेत. जाता जाता : ज्या 'आर्टिकल थ्री'खाली ही न्यायालयं येतात त्याला लोक 'कलम 3' म्हणतात. कलम म्हटलं की एखाद्या परिच्छेदाची तरतूद डोळ्यांपुढे येते. तिथलं आर्टिकल म्हणजे अख्खं प्रकरण असतं, पोटात विभाग असलेलं.

आता 'केंद्रीय'. फेडरल सरकारला 'केंद्र सरकार' म्हटलं तर फारसं बिघडत नाही. न्यायालयाला तो शब्द लावला की मात्र गफलत होते, कारण आपल्या डोक्यात एकच शिडी असते : खाली तालुका, मग जिल्हा, वर उच्च आणि शेवटी सर्वोच्च. कायदा राज्याचा असो की केंद्राचा, खटला याच शिडीने चढतो. अमेरिकेत शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. प्रत्येक राज्याची आपली एक, आणि फेडरल न्यायालयांची वेगळी. घटस्फोट, वारसा, बहुतेक फौजदारी खटले राज्याच्या शिडीवर. दिवाळखोरी आणि पेटंट फेडरल शिडीवर. बँक लुटली तर तो सहसा दोन्हीकडे गुन्हा असतो आणि दोन्हीकडे खटला चालू शकतो. 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही जुनी रीत पुन्हा एकदा उचलून धरली.

म्हणून 'राज्याच्या न्यायालयात हरल्यावर त्याने केंद्रीय न्यायालयात अपील केलं' हे वाक्य आपल्या कानाला खटकत नाही, पण बहुतेक वेळा चुकीचं असतं. राज्याच्या शिडीवरचं अपील त्याच शिडीने वर जातं. शेवटच्या पायरीवरून ते थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतं, तेही प्रश्न राज्यघटनेचा किंवा फेडरल कायद्याचा असेल तरच. शिवाय नऊपैकी चार न्यायमूर्तींना ते ऐकावंसं वाटलं पाहिजे. राज्याच्या स्वतःच्या कायद्याचा अर्थ काय, यावर त्या राज्याच्या सर्वांत वरच्या न्यायालयाचा शब्द अखेरचा. 'केंद्रीय' या शब्दात जो वरचढपणा आहे तो इथे नाही.

'संघराज्य' हे नाम आहे. ते विशेषण म्हणून जोडलं की अवघडल्यासारखं होतं, आणि 'संघराज्यीय' म्हणताना जीभ अडखळते. माझं मत 'संघीय'ला. तो हिंदीतून आला अशी तक्रार ऐकतो, पण 'विभागीय', 'राष्ट्रीय' चालतात तर यानेच काय घोडं मारलंय? 'संघ' ऐकून कुणाला क्रिकेटचा आठवेल, कुणाला दुसरा. त्याला इलाज नाही. तसं 'फेडरल कोर्ट'ही आपल्याला अगदी परकं नाही. 1937 ते 1950 या काळात दिल्लीत याच नावाचं न्यायालय होतं आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर तिथे न्यायाधीश होते.

खरी अडचण पुढच्या शब्दांत आहे. संघीय शिडीची पहिली पायरी 'डिस्ट्रिक्ट कोर्ट'. त्याला 'जिल्हा न्यायालय' म्हटलं की आपण जिल्ह्याचं गाव शोधू लागतो. पण साऱ्या अमेरिकेत मिळून हे डिस्ट्रिक्ट फक्त 94. मॅसॅच्युसेट्स हे अख्खं राज्य मिळून एक, न्यूयॉर्कमध्ये चार. वायोमिंगचं डिस्ट्रिक्ट तर राज्याची हद्दही पाळत नाही : यलोस्टोन उद्यानाचा जो तुकडा माँटाना आणि आयडाहोत येतो तोही त्याच्याच पदरात. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारी चीज तिथे 'काउंटी' आहे. मी 'संघीय विभागीय न्यायालय' लिहितो. शब्द लांबतो, पण फसवत नाही.

दुसरी पायरी 'सर्किट'. इथे विजेचा काही संबंध नाही. 1789 च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच खटले चालवायला गावोगाव फिरावं लागे, खड्ड्यांच्या रस्त्यांवरून, घोड्यावर नाहीतर गाडीत. त्यांच्या फिरतीचा जो टापू, ते सर्किट. 1891 मध्ये वेगळी अपील न्यायालयं स्थापन झाली आणि हा त्रास संपत आला. नाव मात्र चिकटून राहिलं. आज अशी तेरा न्यायालयं आहेत, बारा भूगोलाने वाटलेली आणि तेरावं पेटंटसारख्या विषयांचं. वीजमंडळाने आणि पोलिसांनी रुळवलेला 'परिमंडळ' हा शब्द इथे चांगला बसतो : 'नवव्या परिमंडळाचं अपील न्यायालय'.

पदनामांचा घोळ नाही. सर्वोच्च न्यायालयातले नऊजण 'जस्टिस', म्हणजे न्यायमूर्ती. खालच्या दोन्ही पायऱ्यांवरचे 'जज', म्हणजे न्यायाधीश. जवळपास सगळ्यांची नेमणूक तहहयात, महाभियोगाशिवाय त्यांना काढता येत नाही.

आणि एक इशारा, अनुवादकांसाठी. 'न्यूयॉर्क सुप्रीम कोर्ट'चं 'न्यूयॉर्कचं सर्वोच्च न्यायालय' करू नका. ते त्या राज्यातलं खटले चालवणारं खालचं न्यायालय आहे. सर्वांत वरच्याचं नाव 'कोर्ट ऑफ अपील्स'. इथे भाषांतराचा मोह आवरून नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवावं.