आवरण उसवू नका, कल्हई तर अजिबात नको

तुम्ही टाकलेल्या फोटोत बाटलीच्या कापडी आवरणाच्या कडेचे टाके सुटलेले दिसले आणि धस्स झालं. दोरा तुम्ही काढायला घेतला असेल तर तिथेच थांबा. आजोबांच्या पेटीत सापडलेल्या जुन्या फौजी पाण्याच्या बाटलीचं कापड धुऊन काढू का, गंजलेल्या पत्र्याला कल्हई करू का, असं तुम्ही विचारलंय. मी हे दोन्ही केलंय, म्हणून लिहितोय.

माझे मामा बोटीवर होते. बाल्टिमोरला जुन्या सामानाच्या बाजारात त्यांना एक बाटली मिळाली, ती त्यांनी मला आणून दिली. अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) उत्तरेच्या सैनिकांकडे असायची तीच, 1858 च्या नमुन्याची. कथिलाचा मुलामा असलेल्या लोखंडी पत्र्याच्या दोन फुगीर ताटल्या तोंडाला तोंड लावून डाख देऊन (वितळलेल्या धातूने) जोडलेल्या, वर कथिलाच्या मिश्रधातूचं तोंड, बुचाला साखळी, अंगावर लोकरी कापड.

आवरण मी ब्लेडने उसवलं. टाके हाताचे होते, जरा वाकडेतिकडे. कोमट पाण्यात साबण घालून भिजवलं, पाणी तपकिरी झालं तेव्हा मळ निघतोय म्हणून बरं वाटलं. तो कापडाचा रंग होता. वाळल्यावर कापड आटलं, परत बाटलीवर चढलंच नाही.

चवथीच्या आधी घरची तांब्याची भांडी म्हापशाला कल्हईला चालली होती, त्यांच्यात ही बाटलीही दिली. कल्हईवाल्याला दोष नाही, त्याने नेहमीसारखीच निखाऱ्यावर धरली. पण कथील 232 अंशांना वितळतं आणि कथील-शिशाचा डाख 183 च्या आसपासच सुटायला लागतो. आधी तोंड एका बाजूला कललं, मग थेंब थेंब होऊन निखाऱ्यात गेलं. पाठोपाठ दोन्ही ताटल्या उकलल्या. त्या तोंडावर कारखानदाराचा शिक्का होता. मी तो नीट वाचूनही ठेवला नव्हता. आज ते पत्रे माझ्याकडे आहेत, पण बाटली कुठल्या कारखान्याची हे आता कधीच कळणार नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: गंज राहू द्या. चिंच, लिंबू, आमसूल काहीही लावू नका. आंबटाने उघडं पडलेलं लोखंड खाल्लं जातं, आणि एकदा मुलामा फुटला की तिथलं लोखंड उलट जास्तच गंजतं. मऊ ब्रशने सुकी धूळ काढा, बस्स. मी संग्रहालयातला तज्ज्ञ नाही. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर धातूच्या जतनाचं काम करणाऱ्याला दाखवा, भांडीवाल्याला नको.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबर बाटली बंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या अधूनमधून बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलीत तर आतल्या आत बुरशी धरेल. जुन्या पट्ट्याने भिंतीवर टांगू नका. आणि तिच्यातून पाणी पिऊन बघायचा मोह नको, त्या डाखात शिसं असतं.

तुमच्या बाटलीचं कापड फाटलंय तिथून पत्र्यावर एकात एक वर्तुळं दिसतात. अस्सल असेल तर बाटली याच 1858 च्या नमुन्याच्या, 1862 पासूनच्या वळ्यांच्या प्रकारातली असावी. फोटोवरून शपथ घेणार नाही, कारण अशा हुबेहूब नकला आपल्याच देशात बनून बाहेर जातात. परदेशातलं गिऱ्हाईक मागे लागलं तरी घाईने कुरियर करू नका. शंभर वर्षांपलीकडची ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती बाहेर पाठवता येत नाही. मी वकील नाही, नीट विचारून घ्या.

आज एवढंच करा. खिडकीशी आडव्या उजेडात बाटली धरून तोंडाच्या चहूबाजूंचे जवळून फोटो काढा. पुसटशी अक्षरं दिसली तरी इथे टाका.