पंखा चालू, पंखा बंद

प्रश्न: मुलगी दोनदा नीटला बसली, पण मेडिकलला नंबर लागला नाही. आता तिसऱ्यांदा बसत नाही म्हणते, ऑडिओलॉजी, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचं शिक्षण, करायचंय म्हणे. माझ्या भावाची दोन्ही मुलं डॉक्टर आहेत. माझ्या आईला कानाचं मशीन आहे. मुलगी तिच्या पाठीमागे बसून वीस शब्द वाचते, कधी पंखा लावून, कधी बंद करून, आणि आईनं किती बरोबर सांगितले ते वहीत लिहिते. अभ्यासाच्या दिवसांत असले खेळ! आईसुद्धा मशीन लावून हवं तेवढंच ऐकते. मुलीची समजूत कशी काढू? (एक वडील, फोंडा)

उत्तर: नमस्कार. समजूत मुलीची काढायची गरज मला दिसत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीनं दोन वर्षं तुमच्या म्हणण्याप्रमाणे घातली. भावाची मुलं डॉक्टर झाली, यासाठी तिनं तिसरंही घालवावं का? तिला हे का आवडतं, यावर तुमच्या पत्रात एक ओळ नाही. मला सगळ्यात जास्त तेच खटकलं.

आणि आई 'हवं तेवढंच ऐकते' हा तर गैरसमज आहे. आवाज ऐकू येणं वेगळं, शब्द कळणं वेगळं. वयानं कान उतरतो तो बहुधा उंच पट्टीत आधी. स्वरांचा आवाज दणकट असतो, तो पोचतो. स, त, क, फ ही नाजूक व्यंजनं निसटतात. मग 'सात' की 'हात' हे कळेनासं होतं. मशीन आवाज वाढवतं, पण त्याबरोबर पंख्याची घरघरही वाढते. म्हणून तपासणीत नुसत्या 'पीं' आवाजावर भागत नाही. शब्दांची यादी ऐकवून किती टक्के बरोबर सांगितले ते मोजतात, गोंगाट मिसळूनही मोजतात. तुमची मुलगी कोणी न शिकवता तेच करतेय. हार्वे फ्लेचर हा भौतिकशास्त्रज्ञ बेल लॅबोरेटरीज या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेत असंच मोजत असे, तेही निरर्थक अक्षरं वापरून, म्हणजे ऐकणाऱ्याला अंदाज बांधता येऊ नये.

यादी ऐकणाऱ्याच्या भाषेत लागते. आपल्याकडे घरात कोकणी, भजनात मराठी, बाजारात हिंदी. आजीला कुठली यादी द्यायची, हे इथल्याच माणसाला नीट उमगेल.

बारावी सायन्सनंतर बीएएसएलपी, म्हणजे ऑडिओलॉजी आणि वाचा-उपचाराची पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था या दोन्हींचे प्रवेशाचे नियम तिलाच वाचू द्या.

पुढचं पत्र तिनं लिहावं आणि त्या वहीची दोन पानं सोबत पाठवावीत. तोवर आईंशी बोलताना पंखा बंद करा, समोर बसा आणि ओरडू नका, सावकाश बोला.