स्पीकरचे पाय बदलताय? आधी आटे मोजा

दादा, तुम्ही अंबाजोगाईहून लिहिलंय की टॉवर स्पीकर घेऊन वर्ष होत आलं, सोबत आलेले प्लास्टिकचे पाय शहाबादी फरशीवर डुगडुगतात, एकाला चीर गेलीय, आणि कंपनीच्या हेल्पलाइनवर सांगितलं की "एम-सिक्सचे कुठलेही स्पाइक घ्या, स्टँडर्ड साइज आहे." स्पाइक (म्हणजे धातूचे टोकदार पाय) की रबर हा तुमचा मूळ प्रश्न. त्यावर खाली लिहितोच, पण ते 'स्टँडर्ड साइज' वाचून आधी डोकं तडकलं. हेच वाक्य मला लातुरात फोनवर ऐकवलं होतं, आणि त्याची किंमत स्पाइकच्या किमतीच्या कितीतरी पट मोजावी लागली.

स्पीकर आडवा कसा करायचा, खाली गादी टाकायची, वूफरला बोट लावायचं नाही, हे सांगत बसत नाही. तुमच्या लिहिण्यावरून तेवढं तुम्हाला येतं.

मुद्दा आट्यांचा आहे. स्पीकरच्या पायात तीन माप नेहमी भेटतात. एम-सिक्स म्हणजे ६ मिलिमीटर जाडी आणि दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर. एम-एट म्हणजे ८ मिलिमीटर आणि १.२५. तिसरं माप अमेरिकी पद्धतीचं, पाव इंची: जाडी ६.३५ मिलिमीटर, इंचाला २० आटे, म्हणजे अंतर १.२७. आता ६ आणि ६.३५ हा फरक नुसत्या डोळ्याला कुठं दिसतो? आणि खरा घोळ पुढंच आहे. पाव इंची भोकात एम-सिक्सचा स्पाइक घातला की पहिले एक-दोन वेढे तो मस्त जातो. मग अडतो. लावणाऱ्याला वाटतं आत रंग नाही तर लाकडाचा भुगा अडकलाय, आणि तो पाना लावतो.

माझ्याकडं नेमकं तेच झालं. स्पाइक स्पीकरच्या कंपनीच्याच डीलरकडून घेतलेले, माप त्यांच्याच सर्व्हिस सेंटरनं सांगितलेलं, आणि बसवणारा माणूसही त्यांचाच. तो लातूरला महिन्यातून एखाद्या वेळी चक्कर मारायचा. मी म्हटलं, भाऊ, जोर लावू नका, काहीतरी चुकतंय. तर म्हणाला, "सर, नवीन माल टाइटच असतो." पुढच्या वेढ्याला कट्कन आवाज आला आणि स्पाइक गरगर फिरायला लागला. बाहेर ओढला तर त्याच्यासोबत आतला पितळी इन्सर्ट (लाकडात बसवलेली आट्यांची नळी) पण आला, त्याच्या दातांत एमडीएफचा पिवळट भुगा भरलेला. एमडीएफ म्हणजे शेवटी दाबलेला भुगाच. एकदा इन्सर्ट फिरला की त्या भोकात धरायला काही उरत नाही.

पुढचा तमाशा ईमेलवर झाला. आधी फोटो मागितले. पाठवले. मग दुसऱ्या नावाच्या माणसानं तेच फोटो परत मागितले. मग उत्तर आलं की हे 'फिजिकल डॅमेज' आहे, वॉरंटीत बसत नाही, शिवाय 'बाहेरची अॅक्सेसरी' वापरली. बाहेरची! बिल त्यांच्याच डीलरचं जोडलेलं होतं. ते दाखवल्यावर म्हणे स्पीकर मूळ खोक्यात पुण्याला पाठवा, तपासणी करू, वाहतूक तुमची. का, तर "तुमच्या पिनकोडला पिकअप नाही." विकताना मात्र याच पिनकोडला घरपोच आलं होतं. आणि त्या खोक्याला तोवर माळ्यावर उंदरं लागलेली. नाव घेत नाही, कारण मला भांडण उकरायचं नाही, आणि खरं सांगायचं तर या धंद्यात बहुतेकांची रीत हीच असावी असा माझा संशय आहे.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ नंबरवर, तक्रार नोंदवली. तेव्हा कुठं कंपनीचा स्वतःहून फोन आला. पैसे नाहीत, पण "नवीन इन्सर्ट कुरिअरनं पाठवतो" म्हणाले. आले ते एम-सिक्सचेच. मी पिशवी तशीच ड्रॉवरमध्ये टाकली.

तुमची वॉरंटी चालू आहे म्हणून हे सांगून ठेवतो (मी वकील नाही, माणूस गाठून खात्री करा): २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. म्हणजे तुम्हाला बीडलाच करता येईल, कंपनीच्या गावाला जायची गरज नाही. मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची. म्हणून कंपनीच्या हेल्पलाइननं जे तोंडी सांगितलं ते आजच ईमेलवर लिहून मागा: 'माझ्या मॉडेलच्या पायाचा व्यास किती, पिच (दोन आट्यांतलं अंतर) किती.' 'स्टँडर्ड' हे उत्तर मान्य करू नका. लेखी मागितलं की निम्म्या लोकांना माप तपासायची आठवण होते.

आणि उत्तर काहीही येवो, स्वतः मोजा. धड असलेल्या पायांपैकी एक उलटा फिरवून काढा आणि हार्डवेअरच्या दुकानात न्या. एम-सिक्सचा नट मागा, तो नुसत्या बोटानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे. नटच चढत नसेल तर पाव इंची मागून बघा. व्हर्निअर असेल तर उत्तमच: एम-सिक्सचा बोल्ट ६ च्या जरा खाली भरतो, पाव इंची ६.२ च्या पुढं. लेथवाल्याकडं पिच गेज असतो, तो चहाच्या मोबदल्यात बघून देईल. एक सोपी युक्ती मला फार उशिरा सुचली. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची, २० आट्यांचाच असतो. लग्नाचे फोटो काढणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडची ट्रायपॉड प्लेट आणून हलक्या हातानं स्पीकरखाली फिरवून बघा. सरळ गेली तर हेल्पलाइनचं एम-सिक्स खोटं.

आयसोअॅकॉस्टिक्सचे गाया नावाचे पाय बघितले असतील, तर एक गोष्ट लक्षात घ्या: ती कंपनी डब्यात एम-सिक्स, एम-एट आणि पाव इंची असे तिन्ही बोल्ट देते. सगळ्यांचं माप एकच असतं तर तीन कशाला दिले असते? ते पाय चांगले आहेत, महागही आहेत. घेणार असाल तर स्पीकरचं वजन बघून घ्या. चार पायांचा सेट थ्री क्रमांकाचा ३२ किलोपर्यंत, टू ५४ पर्यंत, वन १०० पर्यंत. 'मोठा घेतला की चांगला' असं त्यात चालत नाही, कारण आतलं रबर ठरावीक वजनाखालीच नीट काम करतं. आणि पायावरचा लोगो पुढच्या दिशेला ठेवायचा असतो, सजावट म्हणून नाही.

आता स्पाइक की रबर. हे माझं मत आहे, भांडायला येऊ नका. स्पाइक आले ते गालिचे अंथरलेल्या परदेशी घरांसाठी, गालिचा भेदून टोक खालच्या टणक जमिनीवर टेकावं म्हणून. आपल्याकडं गालिचा कुठं? खाली थेट शहाबादी. २५ किलोचा स्पीकर चार टोकांवर उभा केला आणि टोक १ मिलिमीटरचं धरलं, तर चौरस सेंटिमीटरला जवळपास ८०० किलोचा दाब पडतो. शहाबादी हा चुनखडक आहे, खपली उडते. व्हिट्रिफाइड टाइल असेल तर वरची चकाकीच जाते. मग लोक स्पाइकखाली पितळी चकत्या ठेवतात. म्हणजे आधी टोक विकत घ्या, मग ते टोक झाकायला चकती घ्या. नुसतं धातूचं गोल पाऊल घेतलं तर काय बिघडतं?

शहाबादीवर तुमची अडचण आवाजाची नाही, पातळीची आहे. दोन फरशांच्या सांध्यावर एक पाय येतो आणि स्पीकर डुलतो. त्यासाठी मी आज वापरतो ते मशीनखाली लावायचे लेव्हलिंग फूट: खाली रबर, वर बोल्ट, फिरवून उंची कमी-जास्त होते. एमआयडीसीजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा, ऑडिओच्या दुकानात तीच वस्तू डब्यात घालून कितीतरी महाग मिळते. दिसायला काळं, ओबडधोबड. बायकोनं नाक मुरडलं, पण कुंड्यांमागं कुणाला दिसत नाही. पाणसळ ठेवून पातळी बघा आणि प्रत्येक बोल्टला चेक नट (बोल्ट जागेवर आवळून धरणारा जादा नट) लावाच, नाहीतर बासच्या हादऱ्यानं पाय हळूहळू ढिला होतो. स्वस्त काळं रबर पॉलिश केलेल्या दगडावर डाग पाडतं, खाली पातळ फेल्ट द्या.

उंची फार बदलू नका. ट्वीटर (बारीक, उंच सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या पातळीवर यावा असा हिशेब करून कंपनीनं पाय दिलेले असतात. स्पीकरचा पोर्ट (हवा आत-बाहेर जायचं भोक) खालच्या बाजूला असेल तर जास्तच जपा, जमिनीपासूनचं अंतर बदललं की बास बदलतो. आणि घरात लेकरं असतील तर अरुंद पायांवर उंच स्पीकर ठेवू नका, धरून उभं राहणारं लेकरू तो अंगावर ओढून घेतं.

पाय बदलून बासची घुमघुम जाईल असं कुणी सांगितलं असेल तर मात्र पैसे खिशातच ठेवा. १२ फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये उभा राहतोच, त्याला पायाशी काही देणंघेणं नाही. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढं घ्या, बसायची जागा मागच्या भिंतीपासून सोडवा. वरच्या आवाजाची खणखण असेल तर समोर जाड वाकळ अंथरा. फुकटात जेवढं होतं तेवढं आधी करा.

इन्सर्ट आधीच फिरला असेल, तर ज्यांचा प्लिंथ (स्पीकरखालची लाकडी बैठक) वेगळा निघतो त्यांचं काम सोपं आहे. माझा निघत होता. सुतारानं भोक साफ केलं, कडांना पातळ फेविक्विक पाजलं, वरच्या लपलेल्या बाजूनं एम-एटचा टी-नट (लाकडात रुतणाऱ्या दातांचा नट) अराल्डाइट लावून ठोकला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू दिला नाही. खालून चेक नट आवळला की टी-नट लाकडात आणखी रुततो, म्हणून तो टिकतो. इन्सर्ट थेट कॅबिनेटच्या तळात असेल तर आरपार ड्रिल मारू नका, भुगा वूफरपर्यंत जातो आणि आतली हवाही गळायला लागते. असं काम माझ्या हातून झालेलं नाही, जाणकाराकडं द्या.

तुमचं मॉडेल आणि काढलेल्या पायाचा फुटपट्टीशेजारी ठेवून फोटो टाका. १० मिलिमीटरमध्ये आटे १० भरतात की ८, एवढं दिसलं तरी पुढचं सांगता येईल. तोवर स्पाइकची ऑर्डर दिली असेल तर रद्द करा.