महालातल्या पेटीत सापडलेली ती आकड्यांची पक्कड

भाऊ, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या पेटीत निघालेल्या पकडीचा फोटो टाकून हे काय आहे असं विचारलंत, तो पाहिला. इथे कुणी तिला तिकीट पंच म्हटलं, कुणी चामड्याला भोकं पाडायचं हत्यार. दोन्ही नाही. हा सॉ सेट आहे, म्हणजे करवतीचे दात फाकवायची पक्कड. कृपा करून भंगारात देऊ नका.

असं हत्यार ओळखायचं तर आधी त्याचं तोंड बघा. मुठी सगळ्याच पकडींच्या सारख्या दिसतात. तिकीट पंचच्या एका जबड्याला आरपार भोक असतं, कापलेला तुकडा पडायला वाट लागते म्हणून. चामड्याच्या पंचला पोकळ नळ्या असतात. शिशाचं सील मारायच्या पकडीत जबड्यांवर ठसा कोरलेला असतो. तुमच्या पकडीत मात्र भरीव, बोथट खिळा आहे आणि त्याच्यासमोर कडेला उतार दिलेली गोल चकती, तिच्यावर ४ ते १२ आकडे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या 'एक्लिप्स ७७' या सॉ सेटची घडण अशीच आहे. मूठ हळू दाबून बघा: आधी एक भाग पातं धरेल, मग खिळा पुढे येऊन दात चकतीच्या उतारावर वाकवेल.

करवतीचा एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे झुकलेला नसेल, तर काप पात्याच्याच जाडीचा पडतो आणि पातं लाकडात अडकतं. काप पात्याच्या जाडीच्या दीडपटीपुढे जाऊ देऊ नका. वाळलेल्या सागवानाला थोडाच फाक पुरतो. लकडगंजातून, म्हणजे लाकडाच्या बाजारातून, ओलसर आंबा किंवा कडुनिंब आणला असेल, तर जास्त लागतो.

चकतीवरचा आकडा म्हणजे करवतीच्या एका इंचात दातांची किती टोकं. पट्टीचा शून्य एका टोकावर ठेवा आणि एका इंचातली टोकं मोजा, दोन्ही शेवटांची धरून. ८ टोकं म्हणजे ७ पूर्ण दात. पण त्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. ८ टोकांच्या करवतीला चकती आधी १० वर लावून बघा, कमी पडलं तरच खाली या. आकडा लहान होत जातो तसा दात जास्त वाकतो, आणि जास्त वाकलेला दात परत आणताना तुटतो.

करवत दोन फळ्यांमध्ये, दात वर ठेवून, शिकंज्यात घट्ट आवळा. सपाट कानस टोकांवरून हलकी फिरवून सगळे दात एका उंचीत आणा आणि त्रिकोणी कानशीने त्यांचा आकार नीट करा. दात फाकवायचे ते त्यानंतर. जे दात तुमच्यापासून पलीकडे झुकलेले आहेत, त्यांच्यावर शाईची खूण करा आणि एकाआड एक तेवढेच दाबा. मग करवत फिरवून उरलेले. आधी ज्या बाजूला झुकलाय त्याच्या उलट दात कधीही वाकवू नका, मुळाशी तडकतो. वाकवायचा तोही वरचा निम्मा भागच. शेवटी त्रिकोणी कानशीचा हलका हात देऊन धार लावा.

दोन ठिकाणी ही पक्कड वापरूच नका. टोकं निळी-काळी दिसणारी, कारखान्यात कडक केलेली करवत असेल तर दात वाकण्याऐवजी मोडतो. आणि १२ टोकांपेक्षा बारीक करवतीत रुंद खिळा शेजारच्या दातालाही धक्का देतो.

गंजासाठी रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा आणि पितळी ब्रशने घासा. ग्राइंडर लावू नका, चकतीचा उतार गेला की पक्कड निकामी. चकतीचा स्क्रू हलत नसेल तर तिथे तेल सोडून थांबा, जोर केला तर खाच झिजेल. आतली स्प्रिंग काढताना वर कापड धरा, ती उडते. नागपूरच्या पावसाळ्यात तेलाचा पातळ हात द्यायला विसरू नका.

झालं की सरळ रेघ आखून कापून बघा. काप रेघेच्या एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचे दात जास्त फाकलेत. पात्याला सपाट टेकवून तेलाचा दगड तेवढ्याच बाजूने हलका फिरवा आणि पुन्हा कापून बघा.