पानाचं लॉक आधी

प्रिय,

तुझा पॅच पाहिला. जेएफएफएस२च्या, म्हणजे फ्लॅश मेमरीसाठीच्या लायनक्स फाइलसिस्टमच्या, राइट-बिगिनमध्ये (लिहिण्याची तयारी करणारं फंक्शन) एफ-सेम (त्या एका फाइलचं लॉक) आधी घ्यायचं आणि पानाचं लॉक (फाइलच्या मेमरीतल्या तुकड्यावरचं) नंतर, एवढाच बदल. तो इतक्यात पाठवू नकोस.

अगदी हाच बदल लायनक्स कर्नलमध्ये एकदा होऊन गेलाय. कारणही तुझंच: लिहिणारा थ्रेड पान धरून एफ-सेमसाठी थांबतो, गार्बेज कलेक्टर (फ्लॅशवरची वाया गेलेली जागा मोकळी करणारा) एफ-सेम धरून त्याच पानासाठी. ती गाठ, म्हणजे डेडलॉक, सुटली, पण लोकांच्या यंत्रांवर नव्या गाठी बसू लागल्या. शेवटी 2016 मध्ये ज्याने तो पॅच लिहिला होता त्यानेच तो मागे घेतला. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं.

रीडपेज (पान वाचणारं फंक्शन, नव्या कर्नलमध्ये रीड-फोलिओ) आणि राइट-एंड (लिहिणं पुरं करणारं) आपल्याकडे येतात तेव्हा पान आधीच लॉक झालेलं असतं. वरच्या थराने ते लावलेलं असतं, आपल्याला कुणी विचारत नाही. मग रीडपेज एफ-सेम मागतं, राइट-एंड अलॉक-सेम (फ्लॅशवर जागा घेण्यासाठी सगळ्या फाइलसिस्टमला मिळून असलेलं लॉक). म्हणजे क्रम आधीच ठरलाय: पान पहिलं. वाकायचं ते कलेक्टरने. कर्नलमध्येही शेवटी तेच केलं. पान आणायच्या आधी एफ-सेम सोडायचं, पान हाती आलं की पुन्हा घ्यायचं.

इथे तुला धास्ती वाटायला हवी. मधल्या फटीत कुणी फाइल बदलली तर? कलेक्टरच्या हातात तोवर अलॉक-सेम असतं, आणि ते मिळाल्याशिवाय कुणालाच फ्लॅशवर नवा नोड (डेटाची नोंद) लिहिता येत नाही. लॉक सोडण्याआधी असं उत्तर तयार हवं. नसेल तर सोडू नये.

लॉकडेपने (लॉकांचा क्रम तपासणारं कर्नलचं साधन) तक्रार केली नाही, असं तू लिहिलंयस. कशी करेल? पानाचं लॉक म्हणजे पानाच्या फ्लॅगमधला एक बिट, तो त्याच्या वहीत येतच नाही.

चाचणीला बोर्ड कशाला अडवतोस? एमटीडीरॅम या कर्नल मॉड्यूलने रॅममध्येच 4 एमबीची खोटी फ्लॅश मिळते. ती जवळजवळ भरून टाक, म्हणजे कलेक्टरला उसंत मिळणार नाही. मग चार-पाच प्रोसेस त्याच फाइली वाचत-लिहीत राहू देत, रात्रभर. अडकलं की घाईने रीबूट करू नकोस. सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट हुकूम देणारी कळ) डब्ल्यूने डी अवस्थेतले, म्हणजे वाट पाहत अडकलेले, सगळे थ्रेड आधी उतरवून घे.

सगळे म्हणजे सगळे. तुझ्या ट्रेसमध्ये दोनच आहेत. रीडपेजमध्ये थांबलेला तिसराही असणार, तो तू गोंधळ नको म्हणून कापलास असा मला संशय आहे. पूर्ण लॉग पाठव.

तुझा,
काका